वाटोळा चौक : एका नियमाचा इतिहास

शहरांतील रस्ता म्हटला म्हणजे चौक आलाच, आणि चौक आला म्हणजे 'आधीं कोण?' हा प्रश्नही आला. चार दिशांनीं चार गाड्या एकाच क्षणीं येऊन ठेपल्या, तर कोणाला ना कोणाला थांबणें भाग असतें. कोणीं थांबावें हें ठरविण्यासाठीं कोठें पोलिस उभा करतात, कोठें तांबडा-हिरवा दिवा लावतात. या दोहोंवांचून, चौकाच्या मध्यभागीं एक वाटोळा कट्टा बांधून व सर्व गाड्यांना त्याच्याभोंवतीं एकाच दिशेनें फिरावयास लावून हा प्रश्न सोडविण्याचा उपाय विसाव्या शतकाच्या आरंभीं निघाला. उपाय दिसावयास सोपा होता. परंतु तो खऱ्या अर्थानें यशस्वी होण्यास साठ वर्षें लागलीं. तीं कां लागलीं, हाच या इतिहासांतील मुख्य बोध होय.

या कथेचा आरंभ घोडागाड्यांच्या काळांत होतो. न्यूयॉर्क शहरांत विल्यम फेल्प्स ईनो नांवाच्या एका श्रीमंत गृहस्थास रस्त्यांवरील गोंधळ दूर करण्याचा ध्यास लागला होता. १९०३ सालीं त्यानें तेथील पोलिसांसाठीं वाहतुकीचे नियम तयार करून दिले. कोलंबस सर्कल या चौकांत १९०५ सालीं सर्व वाहनें एकाच दिशेनें फिरूं लागलीं, तीं त्याच्याच सूचनेवरून. मौजेची गोष्ट अशी कीं, वाहतुकीच्या शास्त्राचा जनक म्हणून गाजलेल्या या गृहस्थास मोटार हांकतां येत नव्हती, असें सांगतात. त्याच सुमारास पॅरिस येथें यूजेन एनार हा वास्तुशास्त्रज्ञ हीच कल्पना मांडीत होता. आणि बारा रस्ते जेथें एकत्र येतात त्या विजयकमानीभोंवतीं १९०७ सालीं ती अमलांत आली. इंग्लंडांत लेचवर्थ या उद्याननगरींत १९०९ च्या सुमारास असा पहिला चौक बांधला गेला.

वर्तुळ तयार झालें. पण 'आधीं कोण?' या प्रश्नाचें उत्तर त्यानें आपोआप मिळालें नाहीं. वर्तुळावर फिरत असलेल्या गाडीनें आंत येणारीस वाट द्यावी, कीं आंत येणारीनें फिरणारीसाठीं थांबावें? अमेरिकेंत गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनें चालतात. उजवीकडून येणाऱ्या गाडीस आधीं जाऊं द्यावें, असा तेथील सामान्य नियम. आणि वर्तुळावर फिरणाऱ्याच्या उजव्या हातास नेमक्या आंत शिरणाऱ्या गाड्या असतात. म्हणजे नव्या पाहुण्यास दार सदैव उघडें, आणि घरांतल्यास बाहेर पडावयास जागा नाहीं! गाड्यांची संख्या थोडी होती तोंवर हें खपून गेलें. ती वाढली तशीं हीं वर्तुळें तुंबूं लागलीं. एकदां तुंबलेलें वर्तुळ सुटणें कठीण. कारण प्रत्येक गाडीची वाट पुढच्या गाडीनें अडविलेली असते. शिवाय हे चौक विस्तीर्ण असल्यामुळें वाहनें वेगानें आंत घुसत व अपघात होत. चालकांचें मत वाईट झालें, आणि १९५० नंतरच्या दशकांत अमेरिकेनें असे चौक बांधणें जवळजवळ सोडून दिलें. दोष नियमाचा होता. शिक्षा मात्र वर्तुळास झाली.

पॅरिसच्या विजयकमानीपाशीं हा जुना नियम आजही चालू आहे. तेथें फिरणारी गाडी थांबते व उजवीकडून शिरणारीस वाट देते. रंगानें आंखलेल्या रांगा तेथें नाहींत. परका चालक तेथें भांबावून जातो. पॅरिसकर मात्र सवयीनें, थोड्या धिटाईनें व समोरच्याच्या नजरेचा अंदाज घेऊन पार होतो.

इंग्लंडांत गाड्या डावीकडून चालतात, आणि पुष्कळ वर्षें तेथें या बाबतींत निश्चित नियमच नव्हता. कोण थांबणार हें ज्याच्या-त्याच्या स्वभावावर अवलंबून असे, व गर्दीच्या वेळीं तेथेंही कोंडी होई. सरकारी रस्ते-संशोधन प्रयोगशाळेंतील फ्रँक ब्लॅकमोर या एंजिनियरानें या प्रश्नाचा पिच्छा पुरविला. अखेर नोव्हेंबर १९६६ मध्यें नियम ठरला : आंत शिरणाऱ्यानें उजवीकडून येणाऱ्यास, म्हणजेच वर्तुळावर असलेल्यास, वाट द्यावी. दगड तेच, रस्ते तेच, गाड्याही त्याच; बदलली ती एक ओळ. पण त्या ओळीनें कोंडीचें मूळच तुटलें. आंतील गाड्या बाहेर पडत राहिल्या, आणि जागा झाल्यावांचून नवी गाडी आंत येईनाशी झाली. एवढेंच नव्हे, तर मोठ्या वर्तुळाची गरजही उरली नाहीं. मध्यभागीं केवळ पांढऱ्या रंगाचा ठिपका काढूनही काम भागूं लागलें.

ब्लॅकमोरच्याच कल्पनेंतून १९७२ सालीं स्विंडन येथें एक विलक्षण चौक निघाला. पांच लहान वर्तुळें, आणि त्यांच्या मध्यें उलट्या दिशेनें फिरणारें सहावें. मुलांच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमावरून लोकांनीं त्यास 'जादूचें वर्तुळ' हें नांव दिलें, आणि पुढें तेंच अधिकृत झालें. २००५ सालीं एका विमा कंपनीनें घेतलेल्या मतचांचणींत तें सर्वांत वाईट ठरलें! तरी पन्नास वर्षें उलटून गेलीं, चौक तेथेंच आहे. आणि रोज जाणारे त्यांतून बिनघोर जातात.

पुढें फ्रान्सनेंही १९८४ पासून नव्या चौकांसाठीं हाच नियम स्वीकारला, व तेथें असे हजारों चौक झाले. अमेरिकेंत नव्या धर्तीचे पहिले चौक १९९० सालीं नेवाडा राज्यांत बांधले गेले. इंडियाना राज्यांतील कार्मेल या गांवचे नगराध्यक्ष जेम्स ब्रेनार्ड यांनीं इंग्लंडांत शिकत असतां असे चौक पाहिले होते. त्यांच्या कारकीर्दींत त्या एका गांवीं दीडशेंहून अधिक वर्तुळें झालीं. बहुतेक ठिकाणीं चालकांचा प्रथम विरोधच असे. तेथील महामार्ग-सुरक्षेच्या विमासंस्थेनें तीन राज्यांतील चालकांस विचारलें, तेव्हां चौक बांधण्यापूर्वी शेंकडा ३१ जण अनुकूल होते. बांधून झाल्यावर थोड्याच दिवसांत ६३ झाले. न अनुभवलेल्या गोष्टीची भीति अनुभवानेंच जाते.

हा अनुकूल कौल निराधार नव्हता. साध्या चौकांत गाड्यांचे मार्ग एकमेकांस ३२ ठिकाणीं छेदतात वा मिळतात. एकपदरी वर्तुळांत ८ ठिकाणीं. शिवाय वेग मंदावतो, आणि समोरासमोर वा काटकोनांत धडकण्याचा प्रसंग जवळजवळ टळतो. अमेरिकेंतील सुमारें दोन डझन चौकांच्या अभ्यासांत दुखापतीचे अपघात तीन-चतुर्थांश कमी झालेले आढळले. प्राणघातक व अपंग करणारे तर दहांतील नऊ टळले. अर्थात् वर्तुळ हें सर्व रोगांवरील औषध नव्हे. अनेक पदरी वर्तुळांत नवखा गोंधळतो. आणि आवाजावरून रस्त्याचा अंदाज घेणाऱ्या अंध पादचाऱ्यास अखंड फिरणाऱ्या गाड्यांतून वाट काढणें फार अवघड जातें.

आपल्या भाषेंत 'सर्कल' हा शब्द केव्हांच रुळला आहे. मुंबईच्या किंग्ज सर्कलला महेश्वरी उद्यान हें नांव मिळालें, तरी स्टेशनवरून व लोकांच्या तोंडून जुनें नांव गेलेलें नाहीं. आपल्याकडेही गाड्या डावीकडून चालतात; तेव्हां वर्तुळावरील गाडी शिरणाऱ्याच्या उजवीकडूनच येते. तिला आधीं जाऊं दिलें तर चौक चालतो; प्रत्येकानें पुढचें चाक आंत घुसविलें, तर वाटोळ्या चौकाचें वाटोळें होण्यास दोन मिनिटें पुरतात. कट्टा बांधणें नगरपालिकेच्या हातीं, त्यावर कारंजें उडविणेंही तिच्याच हातीं; परंतु क्षणभर थांबणें हें मात्र सर्वस्वीं चालकाच्या हातीं आहे.