रामदास बोट आणि नियमांची हद्द

१/ १७ जुलै १९४७. आषाढ अमावास्येचा दिवस. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून ‘रामदास’ ही आगबोट रेवसकडे निघाली. बोटीवर सातशेच्या आसपास माणसे होती. काशाच्या खडकाजवळ वादळी लाटांच्या माऱ्याने ती कलली आणि उलटली. सहाशेहून अधिक जण बुडाले. त्या काळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील असंख्य घरांवर त्या दिवशी आकाश कोसळले.

२/ बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हते. मुंबई काही मैलांवर होती. तरी तेथे बातमी पोहोचेपर्यंत दुपार उलटून गेली. जे वाचले, त्यांतील अनेकांना रेवस परिसरातील कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत घेतले.

३/ मग सागरी सुरक्षेचे नियम तेव्हा अस्तित्वातच नव्हते काय? होते. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाली. बिनतारी हाक ऐकून ‘कार्पेथिया’ धावून आली. जवळच्या ‘कॅलिफोर्नियन’चा बिनतारी चालक मात्र तेव्हा झोपला होता. प्रत्येक देशाचे नियम वेगळे असून चालणार नाही, हा धडा जगाला मिळाला.

४/ २० जानेवारी १९१४ रोजी लंडन येथे समुद्रावरील जीविताच्या सुरक्षेसाठी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. सर्वांना पुरतील इतक्या जीवरक्षक होड्या आणि बिनतारी यंत्रावरील अखंड पहारा, हा त्याचा गाभा. महायुद्धामुळे तो अमलात आला नाही. १९२९ साली १८ देशांनी नवा करार केला. मात्र त्याची कलमे एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्या जहाजांपुरतीच होती.

५/ त्यातही अपवाद होता. हिंदुस्थानातून हजयात्रेला जाणारे हजारो यात्रेकरू डेकवर पथारी टाकून प्रवास करीत. पूर्ण नियम लावले, तर प्रवाशांची संख्या घटेल आणि भाडे गरिबांच्या आवाक्याबाहेर जाईल, ही अडचण होती. त्यामुळे १९३१ साली अशा प्रवाशांसाठी ‘सिमला नियम’ हे निराळे नियम झाले. एकच समुद्र, पण सुरक्षेची मापे दोन.

६/ ‘रामदास’ या दोन्ही मापांच्या बाहेर होती. १९३६ साली ती स्वान हंटर या इंग्रजी कारखान्यात बांधली गेली. ‘कार्पेथिया’ही त्याच घराण्याची. बिनतारी हाकेवर धावून गेलेल्या जहाजाच्या या धाकट्या बहिणीला स्वतः हाक मारण्याचे साधन मात्र मिळाले नाही. कारण मुंबई-रेवस हा प्रवास आंतरराष्ट्रीय नव्हता.

७/ याच कंपनीच्या ‘जयंती’ आणि ‘तुकाराम’ या बोटी ११ नोव्हेंबर १९२७ रोजी एकाच दिवशी बुडाल्या होत्या. इशारा वीस वर्षे आधीच मिळाला होता.

८/ ही हद्द ओलांडायला जगालाही वेळ लागला. देशांतर्गत प्रवासी जहाजांसाठी युरोपीय संघाने समान नियम केले ते १९९८ साली. भारतात अंतर्गत जलवाहतुकीसाठी १९१७ चा कायदा होता. नियम राज्यागणिक वेगळे होते. सर्व राज्यांत एकच नोंदणी ग्राह्य धरणारा नवा कायदा आला तो २०२१ साली.

९/ आज पावसाळ्यात गेटवे-मांडवा जलवाहतूक बंद राहते, तेव्हा प्रवासी कुरकुर करतात. त्या वेळी काशाच्या खडकाचे स्मरण ठेवावे. नियमाची हद्द नकाशावरील रेषेने ठरते. समुद्राला ती रेषा ठाऊक नसते.