कोंबड्यांचा शरदातील खाऊ

परसात पाळलेल्या कोंबड्यांना आश्विन-कार्तिकात रोजच्या दाण्याशिवाय दिली जाणारी फुले, भाज्या, किडे आणि नवे धान्य. महाराष्ट्रात हे दिवस सुगीचे. कोकणात हळवे भात झोडले जाते, घाटावर बाजरी खळ्यात येते, भुईमूग व सोयाबीन निघते, आणि दसरा-दिवाळीमुळे घरोघर झेंडूचे ढीग पडतात.

सप्टेंबरच्या अखेरीपासून दिवस बारा तासांपेक्षा लहान होत जातो. मग वर्षाहून मोठ्या कोंबड्या जुनी पिसे टाकू लागतात आणि अंडी कमी होतात किंवा थांबतात. पिसांचा सुमारे ८५ टक्के भाग प्रथिनांचा असल्याने नवी पिसे फुटताना कोंबडीला प्रथिने लागतात, आणि नेमकी तीच तांदळाच्या कणीत कमी असतात. या काळातला सर्वांत चांगला खाऊ म्हणजे वाळवी, गांडुळे व शेणखताच्या खड्ड्यातले किडे. वाळवी लागलेले लाकूड खुराड्यापुढे आपटले की कोंबड्या एक किडा शिल्लक ठेवत नाहीत. उकडून कुस्करलेले अंडेही चालते.

झेंडूच्या पाकळ्यांत ल्युटिन हे पिवळे रंगद्रव्य असते. ते बलकात उतरते आणि बलक गडद केशरी होतो. कुक्कुटखाद्याच्या कारखान्यांतही यासाठी झेंडूचा अर्क वापरतात. दसऱ्याचे तोरण उतरल्यावर ते उकिरड्यावर टाकण्यापेक्षा कोंबड्यांना देणे केव्हाही चांगले, पण अख्खे तोरण कधीही टाकू नये. फुले देठापासून सोडवून पाकळ्या मोकळ्या कराव्यात. सुतळी किंवा नायलॉनचा दोरा कोंबडी गिळते, तो जिभेभोवती गुंडाळला जातो किंवा गळ्याशी असलेल्या अन्नपिशवीत गोळा होऊन अडकतो. बाजारातल्या फुलांवर औषध फवारलेले असण्याची शक्यता असते, म्हणून घरच्या झेंडूलाच पसंती द्यावी.

लाल भोपळा उभा चिरून बियांसकट ठेवला की कोंबड्या साल तेवढी उरवतात. त्यातले कॅरोटीन मुख्यतः जीवनसत्त्व ‘अ’साठी खर्ची पडते, त्यामुळे बलकावर झेंडूइतका रंग चढत नाही. त्याच्या बियांनी जंत पडतात असा समज आहे, परंतु त्या जंतनाशक औषधाची जागा घेऊ शकत नाहीत. कोबीचा गड्डा दोरीने चोचीच्या उंचीवर टांगावा, किंवा बाजरीचे दाणे पेंढ्यात विखरावेत. उकरण्यात आणि टोचण्यात गुंतलेल्या कोंबड्या एकमेकींची पिसे उपटण्याकडे कमी वळतात.

अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाते. खाऊ त्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नसावा, म्हणजे धान्य दिले तर जेमतेम मोठा चमचाभर. त्यापुढे गेल्यास ती लठ्ठ होते आणि मूळ खाद्यातले कॅल्शियम व प्रथिने कमी पडतात.

कच्चे सोयाबीन देऊ नये. त्यातील घटक प्रथिनांचे पचन रोखतात. उष्णतेची प्रक्रिया केलेली पेंड मात्र उत्तम. कच्चा राजमा, हिरवे पडलेले बटाटे व त्यांची साले, अॅव्होकॅडो आणि चॉकलेट वर्ज्य. दिवाळीचा चिवडा-चकली माणसांपुरतीच ठेवावी, कारण मिठाचा अतिरेक कोंबडीला सोसत नाही. फटाक्यांचा कचरा अंगणातून झाडून काढल्याशिवाय खुराडे उघडू नये.

मात्र सर्वांत मोठा धोका बुरशीचा आहे. परतीच्या पावसात भिजलेले मक्याचे कणीस किंवा काळवंडलेली शेंग ‘माणसांना नको, कोंबड्यांना घाला’ म्हणून टाकली जाते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे एक लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले आणि त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे विष उजेडात आले. ते यकृत नासवते, त्याचा अंश अंड्यातही उतरतो आणि शिजवल्याने ते पूर्णपणे नष्ट होत नाही. वास येणारा, जाळी धरलेला किंवा रंग बदललेला दाणा कोंबड्यांपासून दूर पुरून टाकावा.