मागील दाराचा खानदेश

खानदेशचा इतिहास सांगावयाचा म्हटला म्हणजे आपण नेहमी पुढच्या दाराने आत शिरतो. फारुकी सुलतानांची दोनशे वर्षांची राजवट, १६०१ साली असिरगड अकबराच्या हाती गेला तो प्रसंग, १८१८ मध्ये आलेला इंग्रजी अंमल, १९०६ साली जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे पडलेले दोन भाग, ही सारी हकीकत राजरस्त्याने वाजतगाजत येते. ती खोटी नाही. परंतु या एवढ्या काळात खानदेशातील माणूस भाकरीबरोबर काय खात होता, हा साधा प्रश्न विचारला तर पुढच्या दारी त्याचे उत्तर मिळत नाही. म्हणून श्रोतेहो, आज आपण मागील दाराने आत जाऊ. तेथे विहीर आहे, धुण्याचा दगड आहे, न्हाणीचे पाणी जिरते तेथे केळ आणि अळू आहे, कुडावर गिलक्याचा वेल चढला आहे. आपण तिला परसबाग म्हणतो आणि हौस म्हणून सोडून देतो. आमचे म्हणणे असे की, परसबाग ही हौस नव्हती. दोन रिवाजांवर उभी असलेली ती एक व्यवस्था होती. पाणी दोनदा वापरावयाचे, हा पहिला रिवाज. आणि बी एकट्याने ठेवावयाचे नाही, हा दुसरा. हे दोन रिवाज टिकले तेथे बाग टिकली. ते मोडले तेथे सरकारी हुकमानेही ती पुन्हा उभी राहिली नाही.

प्रथम पुराव्याविषयी दोन शब्द. १८८० साली मुंबई सरकारने खानदेशचे गॅझेटियर प्रसिद्ध केले. नद्या, बाजार, पिके, जाती, रस्ते यांची केवढी तरी माहिती त्यात आहे. परंतु सरकारची दृष्टी साऱ्यावर होती. कपाशीच्या शेताला सारा होता, म्हणून त्याची मोजदाद झाली. परसातल्या दोन वेलांवर सारा बसत नव्हता, म्हणून त्यांची दखलही कोणी फारशी घेतली नाही. योगायोग असा की, त्याच १८८० साली जळगावजवळच्या आसोदे गावी बहिणाबाई चौधरींचा जन्म झाला. चूल, जाते, पेरणी, मोट यांच्याभोवती त्यांनी रचलेली गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ साली ग्रंथरूपाने लोकांपुढे आली. एकाच वर्षी जन्मलेली ही दोन साधने आम्ही शेजारीशेजारी ठेवतो. एकात जिल्ह्याची जमीन आहे, दुसऱ्यात त्या जमिनीवर राबणारे घर आहे. परसबागेचा इतिहास शोधावयाचा तर या दुसऱ्या वाटेने, म्हणजे सणवार, स्वयंपाक आणि बोलीतले शब्द यांच्या वाटेने जावे लागते.

आता पाण्याकडे वळू. जळगावला वर्षाकाठी सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. धुळ्याच्या बाजूस त्याहून कमी. वैशाखात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा मुलखात विहिरीतून पोहऱ्याने ओढून काढलेले पाणी एकदा वापरून टाकून देणे कोणाला परवडणार? म्हणून तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी लिंबाच्या आळ्यात जाई, न्हाणीचे पाणी केळीकडे आणि अळवाकडे वळे. अधिक पाणी पिणारी झाडे न्हाणीजवळ, कमी पाण्यावर जगणारा शेवगा आणि कढीलिंब कुंपणापाशी, अशी मांडणी असे. हे शास्त्र कोणी पुस्तकात लिहिले नव्हते, पण घरोघरी पाळले जात होते.

पाण्याची ही शिस्त खानदेशाला नवी नाही. पांझरा नदीवरची फड पद्धत तीनशे वर्षांहून जुनी मानतात. नदीत बंधारा घालावयाचा, पाटाने पाणी न्यावयाचे, भिजणाऱ्या जमिनीचे फड पाडावयाचे आणि एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे. पाटकरी पाणी वाटतो, जागल्या पिकाची राखण करतो, आणि त्यांचे वेतन गावकरी देतात. ज्या लोकांनी नदीचे पाणी असे वाटून घेतले, त्यांच्या बायकांनी घरातले पाणी मोजूनमापून वापरले यात नवल नाही. फडाचे नाव आज अभ्यासकांच्या ग्रंथांत आहे. न्हाणीच्या पाटाचे मात्र कोणत्याच ग्रंथात नाही, एवढाच फरक.

दुसरा रिवाज बियाण्याचा. वेलावरचे गिलके भाजीसाठी तोडावयाचे, पण चांगल्यातले चांगले एक वेलावरच वाळू द्यावयाचे. वांग्याचे बी धरावयाचे तर उत्तम झाडावरचे फळ पिवळे पडेपर्यंत ठेवावयाचे, मग बी धुऊन सावलीत वाळवावयाचे आणि राख लावून बांधून ठेवावयाचे. अखाजी आली, गौराईची गाणी झाली, की ही गाठोडी सुटत. मृगाच्या सुमारास वेल लागत, थंडीत मेथी आणि वांगी हाती येत. गाठोडे सुटले की त्यातले चार दाणे शेजारी जात. यात उदारपणा होता, तसा हिशेबही होता. एका घरचा वेल किडीने गेला किंवा एका विहिरीचे पाणी आटले, तरी बी दुसऱ्या घरी जिवंत राही आणि पुढल्या वर्षी मागून आणता येई. आपण आज ज्याला विमा म्हणतो, तो यांनी शेजाऱ्याच्या परसात उतरवून ठेवला होता.

या देवघेवीची सीमा गावकुसापाशी संपत नसे. श्रावणात कानबाईच्या रोटाला आपल्याकडे गंगाफळाची भाजी लागते. तिच्यावाचून सण पुरा होत नाही. हे गंगाफळ, म्हणजे लाल भोपळा, मूळचे अमेरिका खंडातले. मिरची तिकडचीच, पेरू आणि पपईही तिकडचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी समुद्र ओलांडला, त्यानंतर ही झाडे आपल्या देशात पसरली. वांगे मात्र आपल्याच भूमीतले. परदेशी फळाला देवीच्या नैवेद्यात जागा द्यावयाची आणि घरच्या वांग्याचे बी मोडू द्यावयाचे नाही, ही दोन्ही कामे परसदारच्या बाईने एकाच वेळी केली. कोणाच्या हातून कोणाच्या हाती हे गंगाफळ खानदेशात आले, त्या हातांची नावे इतिहासात नाहीत. परंतु ते हातोहात आले यात शंका नाही.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. जुन्याचे गोडवे गाताना आपण तिच्यावर पांघरूण घालतो. ही देवघेव सर्व घरांपर्यंत पोचत नव्हती. ज्याला पाणवठ्यावर पाय ठेवण्याची बंदी होती, त्याने परसबाग कशाच्या पाण्यावर करावी? १९२७ साली महाडच्या तळ्यावर जो सत्याग्रह करावा लागला, तो याच महाराष्ट्रात. बी शेजारच्या घरी जाई हे खरे, पण शेजारी कोणाला म्हणावयाचे हे जात ठरवीत होती. शिवाय विहिरीतून ओढलेला प्रत्येक पोहरा बाईच्या खांद्यावर होता. नळ आला तेव्हा तिने सुटकेचा निःश्वास टाकला असेल, तर तो योग्यच होता. सांडपाण्याच्या डबक्यावर डास होत. त्यासाठी नगरपालिकांनी गटारे बांधली तीही योग्यच. म्हणून परसबाग बुडाली याचा दोष आम्ही नळाला देत नाही. नळ आल्यावर तो जुना विचार नव्या सोयीशी जोडून घेण्याचे काम आपण केले नाही, हे आमचे दुःख आहे.

सरकारला परसबागेची आठवण होते ती टंचाईत. दुसऱ्या महायुद्धात, १९४२-४३ च्या सुमारास, 'अधिक धान्य पिकवा' ही मोहीम देशात सुरू झाली. त्याच युद्धात इंग्लंडमध्ये बागा आणि मैदाने खणून बटाटे लावले गेले. अमेरिकेत लक्षावधी घरांनी अंगणात भाजी पिकविली. युद्ध संपले आणि त्यातल्या पुष्कळ बागांवर पुन्हा हिरवळ आली. आपल्याकडील मोहिमेची चौकशी करण्यासाठी व्ही. टी. कृष्णम्माचारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९५२ सालच्या तिच्या अहवालाचे सार असे की, गावाच्या जीवनाची सर्व अंगे एकमेकांत गुंतलेली असतात. एकच अंग सुटे काढून त्यावर जोर दिल्याने कार्य साधत नाही. पुढे १९६५ मध्ये, युद्ध आणि अन्नटंचाई एकदमच आली तेव्हा पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले आणि आपल्या निवासस्थानाच्या हिरवळीवर नांगर चालविला. त्या उदाहरणाचे मोल मोठे आहे. परंतु तेवढ्याने घरोघरची परसे पुन्हा वसली नाहीत. कारण उघड आहे. आवाहनाने एक हंगाम निघतो. दुसऱ्या हंगामाला बी लागते, आणि बी हवे तर शेजार लागतो.

बी टिकले म्हणजे काय होते, याचे उदाहरण आपल्या ताटातच आहे. जळगावचे भरिताचे वांगे हिरवट रंगाचे, पांढऱ्या रेघांचे, आकाराने मोठे आणि बी कमी असलेले. बामणोद, आसोदे या गावांचे नाव त्यासाठी घेतले जाते. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या त्या वांग्याची चव परगावी गेलेला खानदेशी माणूस विसरत नाही. २०१६ साली या वांग्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आम्ही त्या कागदाचा मान राखतो. पण तो कागद येण्यापूर्वी किती पिढ्यांनी उत्तम फळ न खाता बियाण्यासाठी ठेवले असेल, याचाही विचार व्हावा. उत्तम ते खाऊन टाकले असते, तर मानांकन कशाला मिळाले असते?

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच काम आपल्या काळात केले. शाळेत न गेलेल्या या बाईंनी गावठी वाणांची बियाणी जमविली, जपली, इतर स्त्रियांना दिली आणि परसबागा उभ्या केल्या. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. बियाणे तिजोरीत टिकत नाही, ते वाटल्यानेच टिकते, हा जुना रिवाज त्यांनी पुन्हा चालू करून दाखविला. जातीची जुनी भिंत न मानता तो चालू करता येतो, हा आपल्या काळाचा लाभ आहे.

मग आपण शहरातल्यांनी काय करावे? पूर्वीचे परस आता आपल्याजवळ नाही. गच्ची आहे, सज्जा आहे, फार तर भिंतीलगतची वीतभर माती आहे. तेवढ्यातही ते दोन रिवाज मावतात. डाळ-तांदूळ आणि भाजी धुतलेले पाणी वेगळ्या बादलीत धरावे. ते कुंडीला चालते. साबणाचे पाणी मात्र भाजीला घालू नये, कारण आजचा साबण पूर्वीच्या शिकेकाई-राखेसारखा निरुपद्रवी नाही. कडक उन्हाळ्यात कुंडीच्या तोंडावर वाळला पाला पसरावा, म्हणजे ओल टिकते. थेंबथेंब पाणी मुळाशी देण्याच्या नळ्या ज्या जळगावात तयार होऊन देशोदेशी गेल्या, त्या जळगावात धुवणाचे स्वच्छ पाणी गटारात जावे, हे आपल्याला शोभत नाही.

बियाण्यासाठी पहिली गोष्ट अशी की, संकरित वाणाचे बी धरू नये. त्याची पुढची पिढी मूळच्यासारखी निघत नाही. गावठी वाण मिळवावे. वांग्याचे बी बरेचसे शुद्ध राहते. डांगरासारख्या वेलाला मात्र मधमाशी दुसऱ्या वाणाचे पराग आणून देते. तेथे नरफुलाचे पराग सकाळीच मादीफुलावर हाताने लावून ते फूल बांधून ठेवावे. आणि सर्वांत थोराड, निरोगी फळाला कात्री लावण्याचा मोह आवरावा.

या वर्षीची अखाजी आता दूर नाही. आम्ही घरी राखेत ठेवलेले गिलक्याचे आणि भरिताच्या वांग्याचे थोडे बी पुड्या बांधून बरोबर आणले आहे. व्याख्यान संपल्यावर ते दाराशी मिळेल. मोल एकच: पुढील वसंतात याच ठिकाणी येताना आपल्या कुंडीतले बी आणावे, आणि ज्याचा आपला कधी परिचय झाला नाही अशा शेजारच्या खुर्चीवरील गृहस्थाला किंवा बाईंना त्यातले चार दाणे द्यावेत.