रबरासाठी थांबलेली चाके

1942 च्या सुरुवातीला जपानने मलाया आणि डच ईस्ट इंडीज जिंकून घेतले आणि अमेरिकेला येणारे जवळपास नव्वद टक्के नैसर्गिक रबर बंद झाले. त्यामुळे टायरांवर रेशन आले, खासगी मोटारींचे उत्पादनही थांबले. तरीही होत्या त्या गाड्या धावत होत्या आणि टायर झिजतच होते. अखेर 1 डिसेंबर 1942 पासून देशभर पेट्रोलचे रेशनिंग लागू झाले. अनेक भागांत पेट्रोलला तोटा नव्हता. वाचवायचे होते ते रबर.

काचेवर 'ए' अक्षराचे स्टिकर असलेल्या गाडीला सुरुवातीला आठवड्याला 4 गॅलन, म्हणजे साधारण 15 लिटर पेट्रोल मिळे. कामासाठी गाडी लागणाऱ्यांना 'बी', डॉक्टरांसारख्यांना 'सी'. पाचापेक्षा जास्त टायर बाळगायला बंदी होती आणि वेगमर्यादा होती ताशी 35 मैल. एकटा गाडी चालवणारा हिटलरला शेजारी बसवून नेतो, असे बजावणारे सरकारी पोस्टरही 1943 मध्ये निघाले.

या सगळ्यात रस्ता सुरक्षेचा विचार फारसा कुठेच नव्हता. पण 1941 मध्ये सुमारे 33,400 कोटी मैल धावलेल्या गाड्या 1943 मध्ये 20,800 कोटी मैलांवर आल्या आणि रस्त्यांवरचे मृत्यूही जवळजवळ त्याच प्रमाणात, म्हणजे चाळीस टक्क्यांच्या आसपास, घटले. दर मैलामागचा धोका मात्र किरकोळच उतरला. वेग कमी झाला होता हे खरे, पण गाड्या जुन्या होत चालल्या होत्या आणि टायर गुळगुळीत. तरुण चालकांपैकी कित्येक सैन्यात गेले होते, हेही हिशेबात धरावे लागते. तरी जीव वाचले ते मुख्यतः चाके कमी फिरल्यामुळे, असेच हे आकडे सांगतात.

ब्रिटनमध्ये सुरुवातीला उलटेच घडले. पेट्रोलचे रेशनिंग तिथे सप्टेंबर 1939 मध्येच आले होते, पण त्याच महिन्यात ब्लॅकआउटही सुरू झाला. रस्त्यावरचे दिवे बंद, गाड्यांचे दिवे झाकलेले. अंधारात पादचारी दिसावेत कसे? फुटपाथच्या कडांना पांढरे पट्टे मारूनही 1941 मध्ये 9,169 माणसे दगावली. पुढे जुलै 1942 मध्ये खासगी वापराचा मूळ पेट्रोल कोटाच रद्द झाला आणि 1943 मध्ये मृत्यूंचा आकडा सहा हजारांच्या आत आला.

अमेरिकेतले पेट्रोलचे रेशनिंग जपानच्या शरणागतीबरोबर, 15 ऑगस्ट 1945 ला उठले. 1946 मध्ये गाड्या 1941 पेक्षाही जास्त मैल धावल्या आणि मृत्यू पुन्हा 33 हजारांच्या वर गेले.