जुनेर

आमच्या जिल्ह्यातल्या तेर गावाचं नाव जगाच्या इतिहासात गेलं ते कापडामुळे. तेर म्हणजे जुनं तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं 'पेरिप्लस' नावाचं व्यापाऱ्याचं एक टिपण आहे. त्यात तगरहून गाड्यांमधून भडोचच्या बंदराला काय काय जात असे ते दिलं आहे. साधं कापड पुष्कळ, आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल. वर्गात हे सांगताना मला फार बरं वाटायचं. मुलंही सरसावून बसायची. आपल्या तेरचं कापड रोमपर्यंत!

पण मंडळी, हा सगळा झाला नव्या कापडाचा इतिहास. ते कापड कुणीतरी नेसलं, वापरलं, जुनं झालं, मग त्याचं काय झालं, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. जुन्या कापडाचा इतिहास बायकांच्या हातात होता आणि बायकांनी तो लिहिला नाही. आज मी थोडासा लिहून ठेवणार आहे. त्याला घरगुती कारणही आहे. माझी भाची पुण्याला असते. ती लेकीचे आखूड झालेले फ्रॉक आणि स्वतःच्या एकदोनदा नेसलेल्या साड्या फोटो काढून इंटरनेटवर विकते. तिच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, हे अजिबात पसंत नाही. "आपल्या घरातल्या बायकांची लुगडी आता बाजारात मांडायची का?" असा तिचा सवाल. दोघींचं दोन महिने धड बोलणं नाही. (धाकटे, वाचते आहेस ना? पुढे वाच, मग फोन कर.)

'जुनेर' हा शब्द आता कानावर पडत नाही. आमच्या आईच्या तोंडी तो रोज असायचा. लुगड्याचं आयुष्य तेव्हा माणसासारखं टप्प्याटप्प्याने जायचं. नवं असताना सणावाराला. मग रोजचं. मधे विरलं की विरलेला भाग काढून दोन धड तुकडे जोडायचे, त्याला दंड घालणं म्हणत. दंडाचं लुगडं नेसायची कुणाला लाज नव्हती, गावात निम्म्या बायका तशाच असायच्या. दंडही विरला की ते जुनेर. जुनेराची बाळुती आणि दुपटी व्हायची. उरलेल्याची वाकळ शिवायची. वाकळ फाटली की पोतेरं. शेवटी चुलीपाशी ते संपायचं. आई सांगायची, दुसऱ्या महायुद्धात कापडावर कंट्रोल आलं तेव्हा तर पोतेऱ्यालासुद्धा चिंधी मिळेना. १९४३ साली ब्रिटिश मुलखात कापडावर नियंत्रणं आली. आमचा जिल्हा होता निजामाच्या राज्यात, पण लुगडी यायची सोलापूरकडून, त्यामुळे झळ तीच. एका घरात दोन जावांत बाहेर जायचं लुगडं एकच, एक आली की दुसरी जाणार, हे मी आईकडून ऐकलेलं आहे.

लहान मुलांच्या कपड्यांची तर रीतच होती. बाळ जन्मलं की पहिले दिवस त्याला नवं घालायचंच नाही. मऊ जुनेरात गुंडाळायचं. शिवाय ज्या घरी पोरं धडधाकट वाढली त्या घरचं अंगडं-टोपडं मुद्दाम मागून आणायचं. मागायला कमीपणा नव्हता, उलट देणारीला मान होता. मात्र हे कपडे ओळखीच्यातच फिरायचे. परक्याच्या हाती मुलाचं झबलं जाऊ द्यायचं नाही, दृष्ट लागेल, कुणी काही करेल. चोळी तर कुणालाच देत नसत.

आता भांडेवालीकडे येते. पुस्तकात आणि पुण्याकडे तिला बोहारीण म्हणतात. डोक्यावर भांड्यांची पाटी आणि पाठीवर कपड्यांचं बोचकं. मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत हा धंदा बराचसा गुजरातेतून आलेल्या वाघरी समाजाच्या बायकांनी चालवला. दिल्लीत रघुबीरनगरला त्यांचा जुन्या कपड्यांचा बाजार भल्या पहाटे भरतो. घरोघर जमवलेला माल तिथे येतो. धड असतील ते कपडे धुऊन, शिवून, इस्त्री करून पुन्हा विकले जातात. रेशमी साड्यांचे घागरे आणि उशांचे अभ्रे होऊन परदेशी जातात. अगदीच फाटकं असेल ते गॅरेजात हात पुसायला. तगरचं कापड रोमला गेलं त्याचं आपल्याला कौतुक, आणि आत्याचा शालू उशीचा अभ्रा होऊन लंडनला गेला तर त्याची कुणाला खबर नाही!

भांडेवाली कपड्यांच्या बदल्यात काय देत होती ते पाहिलं तरी काळ कळतो. माझ्या लहानपणी कपबशा आणि चिनी मातीच्या बरण्या. मग जर्मलची पातेली. पुढे स्टील आलं आणि बायका वेड्या झाल्या. वडिलांच्या दोन टेरिकॉटच्या पॅंटी आणि एक कोट देऊन आईने स्टीलचा डबा घेतला होता, त्यासाठी घासाघीस दीड तास चालली. ती बाई पॅंट उजेडाकडे धरून बैठकीची जागा बघायची. सगळी किंमत पुरुषांच्या कपड्यांना. सुती लुगडं पुढे केलं की ती नाक मुरडायची, कारण घरातून बाहेर पडेपर्यंत त्याचा जीव गेलेला असायचा. झबली-टोपडी तर तिला नकोच. जरीच्या लुगड्याची गोष्ट वेगळी. त्यासाठी निराळे लोक यायचे, "जुनी जर देताऽऽ का" म्हणत. खरी जर म्हणजे चांदीची तार, वर सोन्याचा मुलामा. ती जाळून ते चांदी काढत. किती पैठण्या अशा जळाल्या असतील देव जाणे.

तेव्हा आपण बायकांनी जुने कपडे कधी विकले नाहीत हे म्हणणं खरं नाही. विकत होतो, फक्त पैशाचं नाव घेत नव्हतो. आणि पुढे ते कोण घालणार, हे डोळ्यांनी बघावं लागत नव्हतं. बोचक्याला गाठ मारली की संपलं.

ते बोचकं सुटलेलं मी एकदाच पाहिलं.

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी झालेली, गणपती बोळवून लोक झोपले होते. चारच्या सुमाराला भूकंप झाला. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आमच्याकडचं सास्तूर ही नावं त्या दिवशी देशभर झाली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा उमरगा तालुक्यात शिकवत होते. आमच्या शाळेच्या भिंती तडकल्या पण उभ्या राहिल्या. आठवड्याभरात मदतीचे ट्रक यायला लागले, आणि त्यांत कपडे, कपडे, कपडे. पाठवणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांनी मनापासून पाठवलं. पण ढीग उपसायला आम्ही शिक्षिका होतो. झालरींचे फ्रॉक, एका पायाचे मोजे, गुंड्या तुटलेले सदरे. साड्या होत्या, त्या पाचवारी नायलॉनच्या. आमच्या म्हाताऱ्या बायका नऊवारी नेसणाऱ्या. पाचवारीला परकर लागतो, तो ट्रकात नव्हता. दुसऱ्याची चोळी अंगात घालायची कशी, हा प्रश्न त्या कुणाला विचारणार? एका आजींनी हातात दिलेली साडी घडी न मोडता मला परत दिली आणि "दुसऱ्या कुणाला द्या बाई" म्हणून पदर सारखा करून निघून गेल्या. तो पदर दोन ठिकाणी फाटलेला होता. राहिलेला ढीग मैदानात पावसात भिजून कुजला.

चौथीतली एक मुलगी होती. आई गेली होती तिची. तिला निळा फ्रॉक अगदी मापाचा बसला. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली आणि कॉलर उलटी करून दाखवली. आत पांढऱ्या पट्टीवर लाल दोऱ्याने एका मुलीचं नाव भरलेलं. शहरातल्या शाळांत हरवू नये म्हणून आया तसं भरतात. मला म्हणाली, "बाई, ही पोरगी मेली का?"

आमच्याकडे माणूस गेलं की त्याचे कपडे देऊन टाकतात. तिच्या घरी नुकतंच ते झालं होतं. मी म्हटलं, "नाही गं, ती मोठी झाली. तिला बसेना म्हणून पाठवला." ती बराच वेळ ते नाव वाचत राहिली. पुढे वर्षभर तिने तो फ्रॉक घातला, पण ती पट्टी काही उसवली नाही.

कपड्यांचं दान हे देणाऱ्याच्या सोयीने होतं, हे मला तिथे कळलं. पुढे दिल्लीच्या अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये 'गूंज' संस्था सुरू केली. जुने कपडे फुकट वाटायचे नाहीत, लोकांनी गावात विहीर-रस्त्याचं काम करावं आणि मोबदला म्हणून निवडून घ्यावे, ही त्यांची रीत. त्यांना २०१५ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा मला त्या आजींचा फाटका पदर आठवला.

इंटरनेटचा बाजार त्या मानाने कालचा. आपल्याकडे 'बाझी' नावाचं संकेतस्थळ होतं, ते २००४ साली अमेरिकेच्या ईबेने घेतलं आणि २०१८ मध्ये ईबेचं इथलं दुकानही बंद झालं. मग ओएलएक्स वगैरे. मनीष चंद्रा या भारतीय वंशाच्या माणसाने २०११ मध्ये कॅलिफोर्नियात 'पॉशमार्क' काढलं, ते खास जुन्या कपड्यांचंच. ते २०२१ मध्ये भारतात आलं आणि २०२३ मध्ये गाशा गुंडाळून गेलं. भाचीच्या म्हणण्याप्रमाणे कुरिअरचा खर्चच फ्रॉकच्या किमतीला टेकतो, त्यामुळे ती आता मुख्यतः व्हॉट्सॲपवर, आसपासच्या आयांच्या गटात विकते. म्हणजे फिरून गल्लीतच आलो की!

गंमत बघा. भांडेवाली ज्याला हात लावत नव्हती, तेच या बाजारात खपतं. बायकांचं आणि मुलांचं. कारण कापड आता अंगावर झिजतच नाही. साडी एका लग्नात नेसली, फोटो निघाले, झालं. मूल सहा महिन्यांत मोठं होतं, फ्रॉक नवाच राहतो. याला जुनेर म्हणता येणार नाही. इंग्रजीत 'प्री-लव्हड' असा गोड शब्द काढलाय, तो मला पटत नाही. सरळ 'वापरलेला' म्हणावं.

धाकटे, तुला लाज वाटते ती कशाची ते मी समजू शकते. पण मी त्या ढिगापाशी उभी राहिलेली आहे. भाचीकडून घेणारी आई माप विचारते, डाग आहे का विचारते, दोनशेला मागते, नको असेल तर "नको" म्हणते. शेडमधल्या बायकांना नको म्हणायची सोय नव्हती. त्या आजी म्हणू शकल्या, त्याला छाती लागली. आणि एक. भाचीने चोळ्या-ब्लाउज विकायला काढलेले नाहीत, मी विचारून घेतलं. बाळाची अंगडी-टोपडीही नाहीत. ती सोलापूरला आपल्या पुतणीच्या बाळाच्या अंगावर आहेत आणि तिथून पुढे बार्शीला जायची ठरलेली आहेत.

भांडेवाली मात्र आमच्या गल्लीत आता वर्षा-दोन वर्षांत एखादी दिसते. मागच्या दिवाळीत आली होती. प्लास्टिकचा टब देत होती. मी दोन साड्या पुढे केल्या तर म्हणाली, "आज्जी, मर्दाचं काही नाही का?"

तुमच्याकडे तिला काय म्हणत, आणि शेवटचं भांडं तुम्ही कशाच्या बदल्यात घेतलंत, आठवत असेल तर जरूर कळवा.