तिळभरापासून फेम्टोमीटरपर्यंत



आपल्या बोलण्यात लहान मापांना तोटा नाही. हट्टी माणूस तसूभर हलत नाही. दोघी बहिणींत तिळभर फरक नसतो. सुतार म्हणतो, फळी अजून सूतभर घासायला हवी. ही नुसती बोलण्यातली मापं नव्हती. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग आणि सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'लीलावती'त आरंभीच मापांची कोष्टकं आहेत. आठ जवांच्या रुंदीचं एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, चार हातांचा एक दंड. लांबीचं ते कोष्टक जवाच्या दाण्यापासून सुरू होतं.

आज आम्ही त्या दाण्याच्या कितीतरी आतल्या एका मापाची गोष्ट सांगणार आहोत. त्याचं नाव फेम्टोमीटर. त्याचा आपल्याला काय उपयोग, असं वाटेल. पण माप कसं ठरतं, कोण ठरवतं आणि ठरल्यावर त्यातून काय उघडं पडतं, हे या गोष्टीत फार स्वच्छ दिसतं.

जवाच्या आणि हाताच्या मापात एक अडचण होती. दाणे सारखे नसतात आणि हातही सारखे नसतात. माझ्या हाताचं कापड तुझ्या हाताने कमी भरतं, मग भांडण. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात, १७९१ साली, असं ठरलं की उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग म्हणजे एक मीटर. माप राजाच्याही हाताचं नाही आणि व्यापाऱ्याच्याही नाही, पृथ्वीचं. त्याचे भागही दहाच्या पटीत पाडले. दहावा भाग डेसीमीटर, शंभरावा सेंटीमीटर, हजारावा मिलिमीटर. आपल्या देशाने १९५६ साली कायदा करून ही दशमान पद्धत घेतली आणि शेर-पायलीच्या जागी किलो आणि लिटर आले.

शिंप्याला आणि सुताराला मिलिमीटर पुरतो. शास्त्रज्ञांना पुरेना. १८६८ साली स्वीडनच्या अँगस्ट्रॉम यांनी सूर्यप्रकाशातल्या रंगांचा तपशीलवार नकाशा छापला. त्यासाठी त्यांनी मिलिमीटरचा एक कोटीवा भाग हे माप वापरलं. पुढे त्यालाच 'अँगस्ट्रॉम' नाव पडलं. अणूसाठी ते अगदी बेताचं निघालं, कारण एखादा अणू साधारण एक ते तीन अँगस्ट्रॉमचा असतो. आपल्या केसाच्या जाडीत असे काही लाख अणू सहज बसतील.

मग १९०९ साली इंग्लंडमधल्या मँचेस्टरला एक प्रयोग झाला. रदरफर्ड यांच्या प्रयोगशाळेत गायगर आणि मार्सडेन यांनी सोन्याच्या पातळ वर्खावर सूक्ष्म कणांचा मारा केला. बहुतेक कण सरळ पार गेले, पण एखादाच कण उलट मागे फिरला. त्याचा अर्थ रदरफर्ड यांनी १९११ मध्ये मांडला. अणू जवळजवळ सगळा रिकामा आहे आणि त्याचं वजन मधल्या एका चिमुकल्या गाभ्यात साठलेलं आहे. ज्वारीचा एक दाणा शेताच्या मधोमध ठेवला आणि शेत शंभर-दोनशे मीटर लांब असलं, तर दाणा म्हणजे गाभा आणि शेत म्हणजे अणू.

या गाभ्यासाठी अँगस्ट्रॉम फारच मोठा पडला. ज्वारीचा दाणा कोसाने मोजण्यासारखं ते झालं. दर वेळी शून्यांची रांग लिहावी लागे. मीटरचे जितके भाग पाडायचे, ती संख्या एकावर पंधरा शून्यांची आहे. 'लीलावती'त या संख्येला नाव आहे, 'अंत्य'. मापाला मात्र अजून नाव नव्हतं.

लांबीच्या आधी क्षेत्रफळाला नाव मिळालं. १९४२ च्या डिसेंबरात, अमेरिकेतल्या इंडियाना या शेतीच्या मुलखात, पर्ड्यू विद्यापीठातले दोन शास्त्रज्ञ जेवता जेवता नाव शोधत होते. युरेनियमचा गाभा येणाऱ्या कणाला केवढा दिसतो, ते सांगायचं होतं. त्यांना तो शेतावरच्या मोठ्या कोठाराएवढा वाटला, म्हणून त्यांनी नाव ठेवलं 'बार्न', म्हणजे कोठार. युद्ध चालू होतं, त्यामुळे हे नावसुद्धा गुपित ठेवलं गेलं. त्याच कामातून अणुबाँब झाला. नाव गमतीचं होतं, पण मोजमाप गमतीचं नव्हतं.

लांबीचं नाव १९५६ साली आलं. स्टॅनफर्ड विद्यापीठात रॉबर्ट हॉफस्टाटर गाभ्यावर वेगवान इलेक्ट्रॉन सोडून ते किती वळतात हे पाहत होते आणि त्यावरून गाभ्याचा आकार काढत होते. आपल्या लेखात त्यांनी सुचवलं की या लहान मापाला 'फर्मी' म्हणावं. एन्रिको फर्मी हे इटलीहून अमेरिकेत आलेले थोर शास्त्रज्ञ १९५४ साली वारले होते. त्यांच्या आठवणीत हे नाव.

इथे एका बाईचं नाव घ्यायलाच हवं. गाभ्यातले कण कसे रचलेले असतात, हे मारिया गेपर्ट मायर यांनी १९४९ मध्ये उलगडून दाखवलं. शिकागोत त्या कोड्यात अडकल्या असताना फर्मींनी जाता जाता एक प्रश्न विचारला आणि त्यातून त्यांना वाट सापडली. त्यांनी आपल्या लेखात फर्मींचे आभार मानले. पण मारियाबाईंचा स्वतःचा हिशेब पाहा. नवरा प्राध्यापक, म्हणून विद्यापीठांनी त्यांना वर्षानुवर्षं बिनपगारी किंवा अर्ध्यामुर्ध्या कामावर ठेवलं. पूर्ण पगाराचं प्राध्यापकपद त्यांना १९६० साली मिळालं, आणि तीनच वर्षांनी नोबेल पारितोषिक. गाभ्याची रुंदी मोजायला माप सापडलं होतं, पण घरातल्या बाईने केलेल्या कामाला कुणी माप लावलं नव्हतं. हे दुखणं आपल्याला नवं नाही.

१९६४ साली वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने दशमान पद्धतीत दोन नव्या पायऱ्या घातल्या, फेम्टो आणि अ‍ॅटो. डॅनिश भाषेत पंधराला 'फेम्टेन' आणि अठराला 'अ‍ॅटेन' म्हणतात. पंधरा शून्यांवरून फेम्टो आणि अठरा शून्यांवरून अ‍ॅटो. म्हणजे फर्मी आणि फेम्टोमीटर एकच निघाले. इंग्रजी आद्याक्षरांची खूणही दोन्हींची तीच, 'एफएम'. आपल्या रेडिओचं एफएम मात्र वेगळं बरं! अधिकृत नाव फेम्टोमीटर, तरी अनेक शास्त्रज्ञ अजून प्रेमाने फर्मी म्हणतात.

आता या मापाची खरी परीक्षा. अणूच्या गाभ्यातला एक कण म्हणजे प्रोटॉन. त्याची त्रिज्या ०.८८ फेम्टोमीटरच्या आसपास आहे, असं मानलं जात होतं. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नव्या रीतीने मोजल्यावर ती ०.८४ भरली. फरक किती, तर एका फेम्टोमीटरचे शंभर भाग केले तर त्यातले चार. कुणी म्हणालं असतं, एवढ्याशा फरकाला काय धरून बसायचं? पण तो फरक कुणी झाकला नाही. अनेक देशांत पुन्हा पुन्हा मोजणी झाली, आणि २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मान्य यादीत जुना आकडा बदलून ०.८४ चा आकडा आला. सगळ्यांचं माप एक होतं, म्हणूनच चूक सापडली. ज्याचा त्याचा हात ज्याच्या त्याच्या मापाचा असता, तर दोघंही आपापल्या जागी बरोबरच ठरले असते.

म्हणून आम्हाला या चिमुकल्या मापाची गोष्ट आपल्या वहीच्या जवळची वाटते. चार पैशांचा फरक आला की पान उलटायचं नाही, पुन्हा बेरीज करायची. आणि ज्या कामाला आजवर माप लागलेलं नाही, ते कुणाचं आहे, हेही एकदा विचारायचं.

आता ब्लाउज बेतायला टेप हातात घ्याल, तेव्हा त्यावरच्या दोन बारीक रेघांमधली जागा नीट पाहा. त्या एका मिलिमीटरमध्ये एक लाख कोटी फेम्टोमीटर मावतात.