नाण्यावरचें नांव



नाणें बाजारांत चालतें, पण पूर्वीच्या काळीं तें राजाची द्वाहीही फिरवीत असे. ज्याचें नांव नाण्यावर त्याची सत्ता, असा संकेत होता. चवदाव्या शतकाच्या अखेरीस मॉस्कोचा राजा दिमित्री दोन्स्कोय यानें रुप्याचीं नाणीं पाडलीं, तेव्हां एका बाजूस स्वतःचें नांव घातलें व दुसऱ्या बाजूस तोख्तामिश खानाचें. स्वातंत्र्याची आकांक्षा आणि मांडलिकी, दोन्ही एकाच नाण्यावर!

आतां रायगडाकडे वळूं. ६ जून १६७४ रोजीं शिवाजीमहाराजांना राज्याभिषेक झाला. त्यांच्या सोन्याच्या होनावर आणि तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस 'श्री राजा शिव' व दुसऱ्या बाजूस 'छत्रपति' हीं अक्षरें नागरी लिपींत आहेत. दिल्ली, विजापूर, गोवळकोंडा येथील नाण्यांवर फारसी चालत असतां येथें बादशहाचें नांव नाहीं कीं फारसी अक्षर नाहीं.

त्याच वेळीं मुंबईकर कंपनीचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडीं होता. आपलें नाणें महाराजांच्या मुलखांत चालावें, हें त्याचें एक मागणें. महाराजांनीं कळविलें कीं, नाणें कसास व वजनास उतरलें तर आमची मनाई नाहीं. मात्र ज्यांत नुकसान होईल तें घेण्याची सक्ती रयतेवर करतां येणार नाहीं. द्वाही फिरविणाऱ्या राजाला रयतेची कनवटही ठाऊक होती.

पुढील प्रकार मात्र चमत्कारिक आहे. १७५८ सालीं मराठी फौजा अटकेपर्यंत पोंचल्या; तरी पुण्याच्या अंकुशी रुपयावर अंकुशाचें चिन्ह आलें, नांव दिल्लीच्या बादशहाचेंच राहिलें. कारण रुपया दूरदेशीं जाई, आणि परिचयाचा छाप नसला कीं सराफ बट्टा कापीत. कंपनीनेंही १८३५ पर्यंत बादशहाचेंच नांव चालविलें. मग चौथ्या विल्यमचा मुखवटा आणला. बादशहाजवळ नांव उरलें होतें, सत्ता नव्हती. पुण्याजवळ सत्ता होती, पण रुपयावर नांव नव्हतें. लहानशा शिवराईवर मात्र दोन्ही एकत्र आलीं होतीं.

म्हणून विनंती एवढीच: देव्हाऱ्यांत जुनी शिवराई असेल तर ती चिंचेनें घासून अक्षरें पुसूं नका, तांब्याच्या भावानें मोडींत घालूं नका. मुलांना जवळ बसवून तीं अक्षरें वाचून दाखवा.